सिंहाचं नाक आधी झिजतं

आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं पॉलिश आणि गिलीटचं दुकान होतं. शटर पाडून दोन वर्षं झाली, तरी सकाळचे नऊ वाजले की पाय तिकडंच निघतात आणि बायको मागून ओरडते, "दुकान इकलं तुमी, आता कोठी चालले?" गिलीट म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा. देवळातल्या मूर्ती, लग्नातल्या समया, पोलिसांच्या पट्ट्यांची बकलं, शाळांच्या ढाली, असं बरंच पितळ माझ्या हाताखालून चकचकीत होऊन गेलं. पण लोकांनी मला ओळखलं ते भलत्याच कामामुळे. जुन्या पेटीत, माळ्यावर, भिंतीच्या कोनाड्यात सापडलेला फौजी बिल्ला घेऊन माणसं यायची आणि विचारायची, "काका, खरा हाय का खोटा?"

आमच्या भागात ही विचारणा जास्त, कारण इथं पितळ छातीला लावणारे फार होऊन गेले. निजामाची फौज झाली, इंग्रजांची पलटण झाली, जंगलखात्याचे चपराशी झाले, जमीनदारांचे लठ्ठ पगडीवाले शिपाई झाले. नातवंडांना यातला फरक कळत नाही. ज्याच्या आज्यानं छातीला पितळ लावलं तो सुभेदार, अशी इकडची साधी रीत आहे. त्यामुळे माझ्याकडे आलेल्या दहा सुभेदारांपैकी सहा तरी जंगलखात्याचे चपराशी निघत. मी ते जमेल तेवढ्या गोडीनं सांगत असे, आणि माणूस जमेल तेवढ्या रागानं निघून जात असे.

ही विद्या मला उस्तादांनी दिली. लहानपणी मी त्यांच्या भट्टीवर राख चाळायला राहिलो आणि तिथंच म्हातारा झालो. ओळखायचं कसं, ते सांगतो. त्यात जादू काही नाही.

खरा बिल्ला बहुतेक वेळा ठोक्याचा असतो. पोलादी साच्यावर पितळेचा पत्रा ठेवून वरून दणका दिला की समोर सिंह उठतो आणि पाठीमागं त्याच सिंहाचा खळगा पडतो. नक्कल करणाऱ्याकडे तो पोलादी साचा कुठून येणार? तो खरा बिल्ला मातीत दाबतो आणि उमटलेल्या खळग्यात वितळलेलं पितळ ओततो. त्यामुळे नक्कल पाठीमागून सपाट आणि भरीव होते, कडा बोथट राहतात, अंगावर रव्यासारखे बारीक दाणे येतात. शिवाय गार होताना पितळ आकसतं, म्हणून नक्कल असलीपेक्षा केसभर लहान भरते.

दुसरी गोष्ट झिजेची. शिपाई रोज सकाळी बिल्ला अंगठ्यानं घासून लखलखीत करतो, नाहीतर हवालदार त्याचीच घासपट्टी करतो. अंगठा उंचवट्यावर आधी लागतो. म्हणून खऱ्या बिल्ल्यावर सिंहाचं नाक आधी झिजतं, मग भुवया, आणि आयाळ मात्र खोबणीत तशीच राहते. नक्कल करणारा घाईत असतो. तो सगळा सिंह एकदम कानशीनं घासतो, नाक आणि शेपूट एकाच दिवशी म्हातारं करतो.

तिसरी गोष्ट पाठीची. बिल्ल्याच्या पाठीला दोन कड्या असतात. त्यांत पिन घालून बिल्ला टोपीवर बसवतात. वर्षानुवर्षं पिन घासून कड्या आतून बारीक होतात. उस्ताद म्हणायचे, "चेहरा तो सब सजाते, पीठ देखो." आता काही किस्से सांगतो, म्हणजे पाठ पाहिल्यानं काय काय होतं ते कळेल.

राज्याच्या सीमेवरच्या एका गावचे पाटील जीप घेऊन आले. कडक इस्त्रीचा सदरा, सोबत सत्तरीतली आत्या. आत्याबाई पान चघळत बाकावर बसल्या. पाटलांनी मखमलीच्या डबीतून बिल्ला काढला.

"काका, हा आमच्या पणजोबाचा. निजामाच्या फौजेत रिसालदार होते. नव्या घराच्या हॉलमधी काचेत लावून राह्यलो. तुमी एकडाव पाहून द्या."

समोर दोन तुताऱ्या आडव्या-उभ्या आणि वर चांद. मी बिल्ला पालथा केला. पाठीवर बारीक उर्दू अक्षरं खोदलेली होती. उर्दू मला उस्तादांच्या छडीनं शिकवलेली. वाचलं आणि पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

"पाटील, निजामाच्या रिसाल्यात टेलिफोन होता का?"

"असन. मोठ्या लोकायकडे तवाही फोन होतेच."

"इथं नंबर हाय. अन् पुढं लिहिलं हाय, का लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या जातील."

पाटलांचा चेहरा पडला. मग आत्याबाईंनी पानाची पिंक गल्लीत टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, "माह्या लग्नातला हाय तो. बँडवाला वसरीत टोपी ठेवून जेवाले बसला. मी काढून घेतला. पिवळा दिसे, मले सोन्याचा वाटला."

"आत्या! तू नवरी होती ना वं?"

"म्हनूनच त सापडली नाई. नवरीचं लुगडं कोन झाडते?"

"मंग इतके वर्ष बोलली काऊन नाई?"

"रिसालदार तुया बापानं काढला. मले कोनं इचारलं?"

पाटलांनी तो बिल्ला तरीही हॉलमध्ये लावला, असं नंतर कळलं. काचेत पाठ भिंतीकडेच राहते, त्यामुळे रिसालदाराचं काही अडलं नाही. मला गृहप्रवेशाच्या जेवणाचं बोलावणं मात्र आलं नाही.

हे झालं दुसऱ्याचं हसं. आता माझं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस फार शहाणा.

हैदराबादचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी वर्षातून दोनदा चक्कर मारायचा. एकदा त्यानं चौदा कोरे बिल्ले समोर ठेवले, ताजे ओतलेले, अजून भट्टीचा वास येणारे. म्हणाला, "काका, इनपे थोडी उमर चढाओ." मी नाही म्हणालो. दुसऱ्या फेरीला पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्या फेरीला तो उठता उठता म्हणाला, "जाने दो, आपके बस का नहीं." इथं माझं डोकं फिरलं. माझ्या बसचं नाही? पितळाला म्हातारं करणं माझ्या बसचं नाही?

मी ते चौदाही सिंह मीठ घातलेल्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवले, पोत्याच्या तुकड्यात बांधले आणि घरामागच्या शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरले. सहा महिने खतात राहिलं की पितळावर असा हिरवा-काळा थर चढतो की शंभर वर्षांचं दिसतं. पुरून मी मोकळा झालो. मध्यंतरी साडूच्या घरच्या लग्नाला बेल्लमपल्लीला गेलो, चार दिवसांनी परत आलो, तर खड्डा झाडून साफ.

बायको मोठ्या अभिमानानं म्हणाली, "तुमी किती दिवसापासून म्हनत होते ना खड्डा भरला, खड्डा भरला. तामसीकडचा एक शेतकरी आलता. ट्रॅक्टरभर नेलं त्यानं."

मी तिला काही बोलू शकलो नाही, कारण बोलायचं तर काय पुरलं होतं ते सांगावं लागलं असतं. व्यापाऱ्याला सांगितलं की माल असा जुना झाला की आता मलाही सापडत नाही.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस दुकानासमोर जीप थांबली आणि पंधरा माणसं उतरली. पुढं वर्तमानपत्राचा वार्ताहर. तामसीकडच्या एका रानात कपाशी डवरताना, म्हणजे कोळपताना, सात फौजी बिल्ले निघाले होते. गावात बोलबाला झाला होता की तिथं मोठी लढाई झाली. कोणाला तरी आपल्या आज्यानं तोफांचे आवाज ऐकल्याचंही आठवायला लागलं होतं. रानात झेंडा रोवून दोन नारळ फोडून झाले होते. आता फक्त माझ्या तोंडून 'खरे' एवढा शब्द निघायचा बाकी होता.

थाळीत हळदीकुंकू लावलेले माझे सात सिंह. थर काय सुंदर चढला होता! एक क्षण मलाच भुरळ पडली. थाळी धरणारा शेतकरी माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "काका, तुमच्या खतानं अवंदा कपाशी लई झकास आली."

मी थाळीला हातही लावला नाही. "खोटे हायत," म्हणालो.

"भिंग त लावा!"

"गरज नाई."

लोक थक्क झाले. भिंग न लावता, पाठ न पाहता, दुरूनच! वार्ताहरानं बातमी छापली ती लढाईची नाही, माझ्या नजरेची. त्या दिवसापासून माझा शब्द म्हणजे कोर्टाचा शिक्का झाला. मी खरं बोललो होतो, पण अर्धंच, आणि अर्ध्या खऱ्यावर मिळालेली कीर्ती मी पूर्ण घेतली. उरलेले सात अजून त्या रानात आहेत. उद्या कोणाच्या नांगराला लागले तर कृपा करून नारळ फोडू नका.

ह्या कीर्तीचाच फटका पुढं एका भल्या माणसाला बसला. त्याची गोष्ट मात्र मला हसत हसत सांगता येत नाही, तरी प्रयत्न करतो.

दुकान बंद होण्याच्या आदल्या वर्षी तामसी मंडळातल्याच, म्हणजे तालुक्यातल्याच, दुसऱ्या एका गावानं शाळेच्या आवारात दगड बसवायचं ठरवलं. गावातून मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. तिघांची कागदपत्रं होती. चौथं नाव किसन मास्तरांच्या वडिलांचं, लक्ष्मणचं. हे बौद्ध वस्तीतलं घर. बाप जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला, मुलगा शिकून शिक्षक झाला आणि आता निवृत्त होऊन पंच्याहत्तरीच्या पुढं गेला होता. लक्ष्मणचे कागद वाळवीनं कधीच खाल्ले होते. उरला होता एक बिल्ला. सरपंच म्हणाले, गिलीटवाले काका खरा म्हणतील तर नाव कोरू.

सरपंच, मास्तर आणि आणखी चार जण दुकानात आले. मास्तरांनी पांढऱ्या रुमालातून बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला.

बिल्ला नव्या गडव्यासारखा चमकत होता. खोबणीत मळाचा कण नाही आणि रंगावर गुलाबी झाक. मी विचारलं, "हा कोनं घासला?"

"माय घासे. मंग माही बायको घासे. घरात पितळ हाय म्हटल्यावर चिच अन् राख लावून घासाचंच. भांडे घासाच्या दिवशी गडवा, ताट, बिल्ला, सगळे एका रांगेत."

सत्तर-पंच्याहत्तर वर्षं दर आठवड्याला चिंच. नाक, भुवया, आयाळ असं काही वाचण्यासारखं उरलंच नव्हतं. झीज सांगणार नाही म्हटल्यावर मी पाठ पाहिली. सपाट, भरीव, रव्याचे दाणे. ओतीव. आणि कड्या? कड्या आतून झिजून तारेएवढ्या बारीक झालेल्या. त्या मी पाहिल्या. चांगल्या भिंगातून पाहिल्या. बिल्ला टोपीवर वर्षानुवर्षं चढल्याशिवाय तशा होत नाहीत, हे मला आजही ठाऊक आहे आणि तेव्हाही होतं. पण सहा माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि थांबून विचार करणारा माणूस त्यांना नको होता. दुरून सांगणारा हवा होता.

"ओतीव हाय," मी म्हणालो. "ओतीव म्हंजे नक्कल."

मास्तर हळूच म्हणाले, "पुन्हा एकडाव पाहता का?"

"मास्तर, मी दुसऱ्यांदा पाहत नसतो."

"मंग माहा बाप चार वर्ष कोठी होता?"

"ते काई बिल्ल्यावर लिहिलं नाई."

चौघं हसले. मला ते हसणं आवडलं, हे लिहिताना आज लाज वाटते. मास्तरांनी बिल्ला रुमालात बांधला, मला नमस्कार केला आणि बस पकडायला गेले.

दोन महिन्यांनी हैदराबादचे एक डॉक्टरसाहेब आले. बिल्ले जमवण्याचा त्यांना नाद. वर्षातून एकदा पेटी घेऊन यायचे, चहा प्यायचे, वाद घालायचे. त्या दिवशी त्यांनी पाच बिल्ले मांडले. चौथा उचलून मी लगेच बाजूला टाकला. "डॉक्टरसाब, ये तो ढला हुआ है. नकल. फेंक दो."

ते हसले. "ये मेरे पास टोपी समेत आया है, काका. सिपाही के कागज समेत. लड़ाई में विलायत से माल आना बंद हो गया था. पलटनों ने बाज़ार के ढलाईवालों से बनवा लिए. उस लड़ाई के ढले हुए बिल्ले फेंकोगे तो आधी पलटन फेंकनी पड़ेगी."

"फिर असली-नकली कैसे पहचानते?"

"पीठ देखो," ते म्हणाले. "कड़ी घिसी है या नहीं."

उस्तादांचं वाक्य परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मला मास्तरांच्या बिल्ल्याच्या झिजलेल्या कड्या आठवल्या. चहा तसाच राहिला. डॉक्टरसाहेबांना वाटलं, मी वादात हरलो म्हणून रुसलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तामसीला गेलो आणि तिथून रिक्षानं त्या गावी. सरपंच शाळेपाशीच होते. दगड उभा राहिला होता. तीन नावं आणि खाली कमळाचं मोठं फूल. चार दिवसांवर कार्यक्रम होता.

"सरपंच, मास्तरच्या वडलाचा बिल्ला खरा हाय."

"काका, मागं खोटा, आता खरा? बिल्ला बदलला का कोनं?"

"बिल्ला तोच हाय. मी चुकलो."

त्यांनी लिहून मागितलं. मी शाळेतला कागद घेऊन लिहून दिलं, खाली सही केली. आयुष्यात 'मी चुकलो' असं लिहून सही करण्याची ही पहिलीच वेळ, आणि अक्षर पार डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं आलं. सरपंचांनी ते दोनदा वाचलं, दगडाकडे पाहिलं आणि पाथरवटाला हाक मारली. "ते फूल काढून टाक. तेथी नाव बसन." मग मला म्हणाले, "मास्तरले मातर तुमीच सांगा. मी नाई सांगत."

मास्तर घरीच होते, ओसरीवर कापसाच्या वाती वळत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. विलायतचा माल, बाजारचे ओतारी, झिजलेल्या कड्या, त्या मी त्या दिवशी पाहिल्या होत्या हेसुद्धा. म्हटलं, पाहिजे तर दोन थोबाडीत मारा. ते रागावले नाहीत. त्यांनी वाती बाजूला ठेवल्या.

"मले काय सांगता काका," ते म्हणाले. "मी त त्याचा लेक असून दोन महिने त्याले खोटा समजून राह्यलो. तुमच्या दुकानातून आलो अन् भिंतीवरचा फोटो काढून पेटीत टाकला. नातवायले म्हटलं, आबानं आपल्याले जन्मभर फसोलं."

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली खरोखरच चौकोनी पांढरट खूण होती. मास्तर आत गेले. पेटीचं झाकण वाजलं, वाकळा बाहेर पडल्या. ते फोटो घेऊन आले, उपरण्यानं काच पुसली आणि तो माझ्यासमोर खुर्चीवर टेकवून ठेवला. पटका बांधलेला, गालफडं बसलेला, कॅमेऱ्याकडे संशयानं पाहणारा माणूस.

"मले नोका सांगू. याले सांगा."

मी चपला काढल्या. हात जोडले. जन्मभर पितळाशी बोलणारा माणूस, फोटोशी काय बोलणार? हळू आवाजात म्हणालो, "बाबा, तुमचा बिल्ला खरा हाय. चूक माही झाली. माफी करा."

मास्तर फोटोकडे पाहत थांबले. मग मान हलवून म्हणाले, "त्याले आयकू नाई गेलं."

मला कळेना.

"जोरानं सांगा, काका. लढाईतून आला तवापासून त्याच्या कानापाशी जाऊन वरडा लागे. माय म्हने, तोफायनं कान गेले त्याचे."

मी त्या माणसाबद्दल एकही गोष्ट कधी विचारली नव्हती. बिल्ला तेवढा पाहिला होता. मी फोटोच्या अगदी जवळ जाऊन वाकलो आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा सांगितलं.